आधी घरातलं देणं फेडू या

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोलणं होईल म्हणून तुम्ही लांबून आला आहात. भावाचा विषय दुपारी आहेच. त्याआधी थोडा वेळ आम्ही एका कागदाबद्दल बोलणार आहोत. तो कागद म्हणजे सातबारा.

मघाशी आम्ही विचारलं, ज्यांच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव आहे त्यांनी हात वर करा. एवढा मोठा मंडप, पण वर आलेले हात बोटांवर मोजून झाले. त्यातही निम्म्या हातांत बांगड्या होत्या आणि कपाळ मोकळं होतं. म्हणजे नवरा गेल्यावरच नाव लागलं. देशभराचा हिशोब याहून फार वेगळा नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत शंभर वहितीदारांत बाया चौदासुद्धा भरल्या नाहीत.

आता शेतात कोण असतं ते पाहू. ज्वारी पेरताना तिफणीमागे सरत्यावर मूठ धरून कोण चालतं? कपाशी कोण टोबतं, नांगे कोण भरतं, दोन-तीन निंदणं कोण काढतं? वेचणीत पाठीचा काटा कुणाचा ढिला होतो? ज्वारीची सोंगणी, खुडणी, उपणणी कोण करतं? पूर्वी पुढच्या सालाच्या बियाण्याचं कणीस कोण निवडायचं आणि राख लावून गाडग्यात कोण ठेवायचं? वखर, डवरा, फवारणी आणि बाजार आपला. बाकी सारं तिचं. कागदावर मात्र ती 'घरकाम' करते.

आमची शाळा

आम्ही शेतकी पदवी घेतली, काही वर्षं नोकरी केली. गावोगाव प्रशिक्षणं घेतली. बोलवायच्या शेतकऱ्यांची यादी खातेदारांवरून व्हायची, त्यामुळे समोर सगळे पुरुष. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी खाल्ली. त्या हंगामात आम्ही पुरुषांना सांगत फिरलो, डोमकळ्या शोधा, तोडा, नष्ट करा. एका गावात निंदणाऱ्या बाईनं बांधावरूनच विचारलं, "साहेब, अशी मिटलेली फुलं तर आम्ही महिनाभर पाहतो. कुणाला सांगायचं होतं?" पीक जी रोज हातानं चाळते तिला माहिती नाही, आणि माहिती ज्याला दिली तो त्या ओळीत वाकतच नाही. हा आमच्या शिक्षणाचा पराभव होता. त्याचं मूळ सातबाऱ्यात होतं.

दुसरी गोष्ट सांगायला जीभ जड होते. वडील गेल्यावर वारसाची नोंद झाली, तीत बहिणीचंही नाव लागलं. पुढे दिवाळीला ती भाऊबीजेला आली. आम्ही हक्कसोडाचा कागद तयारच ठेवला होता. तिनं विचारलं, "कशाचा आहे?" आम्ही म्हणालो, "काही नाही, नुसती सही करायची आहे." ती आमच्यासोबत तालुक्याला आली आणि तिनं सही केली. माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून बहीण सही करते. ओवाळणीत आम्ही तिला साडी दिली आणि तिची जमीन घेतली. आम्ही शिकलेले, चळवळीच्या गोष्टी बोलणारे. मग न शिकलेल्याला नावं कोणत्या तोंडानं ठेवायची? गेल्या साली तो हिस्सा बक्षीसपत्रानं तिला परत दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली ते वाक्य असं होतं: "तेव्हा खरं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

कायदा काय सांगतो

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मयताच्या स्वतःच्या जमिनीत विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा दिला. वडिलोपार्जित जमिनीत मात्र जन्मानं हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं 1994 साली तो मुलीला दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली सुटल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, लग्न केव्हाही झालेलं असो. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर नोंदलेली वाटणी मात्र मोडत नाही. मुस्लिम आणि आदिवासी घरांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ते वेगळे विचारून घ्यावेत.

यात बायको कुठे आहे? नवरा जिवंत आहे तोवर त्याच्या जमिनीत तिची मालकी नाही. तीस वर्षं राबली तरी नाही. तो एका रात्रीत इसार घेऊन मोकळा झाला तर तिला सकाळी गावातून कळतं. आणि तो गेला तर? जमीन सासऱ्याच्या नावे असते, दीर म्हणतो बघू पुढं. महिला किसान अधिकार मंचानं 2018 साली मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या 505 बायांना विचारलं. त्यांतल्या 40 टक्के बायांच्या नावे कसती जमीन झालेली नव्हती. सातबारा नाही म्हणजे पीककर्ज नाही, आणि हमीभावाच्या केंद्रावर स्वतःच्या नावानं कापूसही घालता येत नाही. कापूस तिचा, पट्टी दिराची.

वाट आपणच पाडली आहे

हे आज सुचलेलं नाही. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. तिथून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. ज्या गावात शंभर घरं राजीखुशीनं बायकोच्या नावे जमीन करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. सरकारनं सांगितलं म्हणून नव्हे, शेतकऱ्यांनी स्वतः ठरवून जमिनी दिल्या. कर्जमुक्ती मागणाऱ्यानं आधी घरातल्या लक्ष्मीचं देणं फेडावं, हा त्याचा सरळ अर्थ. दुसरीकडे बिहारात बोधगयेला 1978 पासून भूमिहीन मजूर मठाच्या जमिनीसाठी लढले. लाठ्या बायांनीही खाल्ल्या, पण पट्टे देताना नावं पुरुषांची आली. बाया अडून बसल्या, तेव्हा काही गावांत त्यांच्या नावे पट्टे झाले. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात 2003 नंतर जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांचे फोटो लागले. म्हणजे हे दुखणं सगळीकडचं आहे आणि उपायही सगळीकडे सापडलेला आहे.

दोन रस्ते

पहिला रस्ता बिनखर्चाचा. महसूल विभागाचं 15 सप्टेंबर 1992 चं परिपत्रक आहे, लक्ष्मीमुक्तीचंच. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तलाठी म्हणेल, असं काही नाही. परिपत्रकाची तारीख सांगा, अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. फेरफाराची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. एक गोष्ट मात्र लपवणार नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे.

म्हणून दुसरा रस्ता पक्का. नोंदणीकृत बक्षीसपत्र. बायकोला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस दिली तर 2015 पासून मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. बाकीचा खर्च दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्या, दलालाकडे नको.

ज्या घरात माणूस गेला आहे तिथे वारसाची नोंद थांबवू नका. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. मृत्यूचा दाखला द्या आणि सगळ्या वारसांची नावं द्या, मुलींसकट. बहिणींनो, तुमचं नाव गाळलं असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या.

चावडीवरचे आक्षेप

"जमिनीचे तुकडे होतील." सातबाऱ्यावर नाव लावल्यानं बांध पडत नाही. दोघा भावांत वाटणी करताना तुकड्यांची काळजी कुणाला आठवत नाही.

"ती विकून टाकेल." आजवर या जिल्ह्यात जमिनी कुणी विकल्या, दारूपायी, जुगारापायी, मोठेपणापायी, ते गावात विचारा. दोन नावं असली की विक्रीला दोन सह्या लागतात. ते कुलूप आहे, आणि त्याची एक किल्ली तिच्या कंबरेला राहील.

"घरात भांडणं लागतील." जी घरं एका माणसाच्या गप्प राहण्यावर चालतात त्यांना शांत घरं म्हणत नाहीत.

"कोरडवाहू जमीन, खड्डा आहे नुसता, नावावर घेऊन काय करायचं?" हा आक्षेप खरा आहे. भाव नसेल तर जमीन ही बेडी आहे. म्हणून भावाची लढाई सोडायची नाही. पण त्या लढाईत अर्धी फौज बिननावाची ठेवून आपण जिंकणार नाही. आपल्या घामाचा दाम सरकारनं द्यावा असं म्हणतो, आणि घरातल्या घामाची नोंदसुद्धा करत नाही, हे सरकारला उत्तर देताना आपल्यालाच अडतं.

शेवटी काम सांगतो. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावानं दहा अर्जांच्या पोचपावत्या आणायच्या. भाषणं कमी, पोचपावत्या जास्त. घरी गेल्यावर आज रात्री पेटीतून सातबारा काढा आणि दिव्याखाली बायकोला मोठ्यानं वाचून दाखवा. तिचं नाव कुठंच येणार नाही. ती काही बोलणार नाही. तुम्हाला काय वाटतं ते बघा, आणि सकाळी अर्ज लिहा.