शाळेला आलेली धमकी आणि आपले कर्तव्य



वसंत ऋतूतल्या अशा प्रसन्न सायंकाळी बाँबचा विषय घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे राहिलो आहोत, हे कित्येकांना विपरीत वाटेल. काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयाचे रसाळ विवेचन झाले. उद्या संगीतावर व्हायचे आहे. मध्येच हे काय? परंतु आपणां सर्वांची मुले-नातवंडे सुट्टी संपली की जूनमध्ये शाळेत जाणार आहेत. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा सुट्टीच्या निवांत दिवसांत विचार करून ठेवलेला बरा, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १ डिसेंबर २०२३ रोजी बंगळूर शहरातील साठांहून अधिक शाळांना एकाच सकाळी ई-मेलने धमकी आली. १ मे २०२४ रोजी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शंभरांहून अधिक शाळांवर हाच प्रसंग ओढवला. वर्ग रिकामे झाले, आईबाप हातातली कामे टाकून धावले, रस्ते तुंबले, बाँबशोधक पथके आणि श्वानपथके शाळाशाळांतून फिरली. सापडले काहीच नाही. धमकी खोटी होती. पुढेही असे प्रकार होतच राहिले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सरकारला आणि पोलिसांना, अशा प्रसंगी कोणी काय करावे याची तपशीलवार योजना आठ आठवड्यांत आखण्याचा आदेश दिला. आणि २०२५ मध्ये तेथील शिक्षण खात्याने शाळांसाठी कार्यपद्धती जाहीर केली.

यावर कोणी म्हणेल, सगळ्या धमक्या खोट्याच निघतात, तर त्यांकडे लक्ष तरी कशाला द्यायचे? हा प्रश्न गैर नाही. ज्याला खरोखर संहार करायचा असतो तो बहुधा आधी सांगत नाही. अमेरिकेत मिशिगन प्रांतातल्या बाथ या गावी १८ मे १९२७ रोजी शाळेची इमारत स्फोटाने उडाली आणि ३८ मुले दगावली. स्फोटके पेरणारा माणूस त्याच शाळेच्या समितीचा खजिनदार होता. त्याने तळघरात दारूगोळा साठवला आणि कोणालाही धमकी दिली नाही. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हाही दोघा विद्यार्थ्यांनी उपाहारगृहात बाँब ठेवले होते. ते फुटले नाहीत, पण त्यांचीही पूर्वसूचना कोणाला नव्हती.

मग धमकी म्हणजे खोटीच, असे समजावे काय? तसेही नाही. १५ जून १९९६ रोजी इंग्लंडात मँचेस्टर शहरी दूरध्वनीने सूचना आली. पोलिसांनी सुमारे पाऊण लाख माणसे हलवली. स्फोट खराच झाला, दोनशेंहून अधिक लोक जखमी झाले. पण एकही माणूस दगावला नाही. म्हणजे धमकी बहुधा खोटी असते हे खरे. परंतु 'बहुधा' या शब्दाच्या भरवशावर शेकडो मुलांचे प्राण ठेवता येत नाहीत. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. तिच्यातली चूक पोराची होती, तशी गावकऱ्यांचीही होती. खरा लांडगा आला त्या दिवशी गेली ती मेंढरे.

दुर्लक्ष करता येत नाही आणि घाबरून चालत नाही. या दोहोंच्या मधली वाट कोणती, हेच आजच्या व्याख्यानाचे सार आहे. ती वाट आम्हाला पुस्तकाने नव्हे, आमच्याच चुकांनी दाखवली.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा एका शाळेचे मुख्याध्यापक होतो. सहामाही परीक्षा चालू होती. दुपारी कचेरीत दूरध्वनी वाजला आणि कोणीतरी म्हणाले, "शाळेत बाँब ठेवलाय." आमच्या लेखनिकांच्या हातून फोन खाली पडला आणि ते ओरडतच व्हरांड्यातून धावत सुटले. ते ऐकून शिपायाने कोणाला न विचारता घंटेचा ठणठणाट सुरू केला. शाळेला जिने दोन. त्यांपैकी मागच्या जिन्याच्या जाळीला, प्रयोगशाळेतली भांडी चोरीला गेल्यापासून, आम्हीच कुलूप घातले होते आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते शिक्षक त्या दिवशी रजेवर होते. सारी शाळा एका जिन्यावर लोटली. पाचवीतली एक मुलगी खाली पडली, तिचा हात दोन ठिकाणी मोडला. हजेरीपट वर्गातच राहिले होते, त्यामुळे पटांगणात कोण आले आणि कोण नाही हे कोणालाच सांगता येईना. दोन भाऊ मागच्या गल्लीने घरी निघून गेले होते आणि त्यांची आई फाटकाशी उभी राहून आम्हाला विचारीत होती, "गुरुजी, माझी मुलं कुठं आहेत?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी इमारत धुंडाळली. बाँब नव्हता. त्या दिवशी जो हात मोडला तो बाँबने मोडला नाही. तो आमच्या घंटेने आणि आमच्या कुलपाने मोडला. ही गोष्ट आम्ही आजवर विसरलो नाही.

आता त्या दिवसाची एकेक चूक घेऊन तिच्यावरचा उपाय पाहू.

पहिली चूक फोन घेणाऱ्याची. फौजदारांनी विचारले, "आवाज पुरुषाचा की मुलाचा?" लेखनिकांना सांगता आले नाही. वास्तविक धमकी देणाऱ्याला बोलू द्यावे, मध्ये तोडू नये. बाँब कोठे आहे, कधी फुटणार, कसा दिसतो, तू कोण, असे विचारीत जावे. शब्द जसेच्या तसे, वेळेसकट लिहून घ्यावेत. मागे वाहनांचा, यंत्राचा, मुलांचा कसला आवाज येतो तो टिपावा. ई-मेल आला तर तो पुसू नये, त्याला उत्तर देऊ नये, दहा ठिकाणी पुढे धाडू नये. तो पुरावा आहे. चिठ्ठी असेल तर ती हाताळू नये. आणि लगेच ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. हे प्रश्न छापलेला एक कागद फोनशेजारी ठेवायला खर्च तो किती?

दुसरी चूक घंटेची. आमच्याकडे एकच घंटा आणि तिचा एकच अर्थ. निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नव्हते, म्हणून तो शिपायाने घेतला. मुख्याध्यापक, ते नसतील तर उपमुख्याध्यापक, तेही नसतील तर अमुक शिक्षक, असा क्रम लेखी हवा. धमकी किती नेमकी आहे ते पाहून आणि पोलिसांचा सल्ला घेऊन या व्यक्तीने ठरवायचे की मुले वर्गात ठेवायची की बाहेर काढायची. बाहेर काढणे म्हणजेच सुरक्षित करणे, अशी आपली समजूत असते. ती किती घातक ठरू शकते याचे उदाहरण उत्तर आयर्लंडातील ओमा या गावचे आहे. १५ ऑगस्ट १९९८, शनिवारची दुपार. मुलांच्या गणवेशांची खरेदी चालली होती. सूचना आली, पण ठिकाण चुकीचे कळले. न्यायालयापाशी धोका आहे असे समजून पोलिसांनी लोकांना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि स्फोटकांची मोटार नेमकी तेथेच उभी होती. २९ माणसे मेली. म्हणून मुले ज्या जिन्याने उतरवायची तो जिना आणि ज्या पटांगणात न्यायची ते पटांगण आधी पाहून घ्यावे लागते.

पाहणार कोण? येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शोध म्हणजे केवळ पोलिसांचे काम असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु पोलिसाला शाळेतली वस्तू कोणती आणि परकी कोणती हे कसे कळणार? ते कळते वर्गशिक्षकाला, आणि सर्वांत जास्त कळते शिपायाला आणि झाडणाऱ्या बाईंना. तुटका बाक कोणत्या कोपऱ्यात असतो, खडूचे खोके कोठे असते, हे त्यांना डोळे मिटून सांगता येते. इंग्लंडातल्या रेल्वे पोलिसांनी बेवारस वस्तूंसाठी तीन साधे प्रश्न रूढ केले आहेत: वस्तू मुद्दाम लपवलेली आहे काय? ती उघडच संशयास्पद दिसते काय? त्या जागी सहसा आढळणाऱ्या वस्तूंपैकी ती आहे काय? मुलांची विसरलेली दप्तरे आणि डबे यांतून खरा संशय वेगळा काढायला हे प्रश्न पुरेसे आहेत. आणि संशय आला तर हात लावायचा नाही, हलवायचे नाही. दूर व्हायचे, इतरांना दूर करायचे आणि जाणकारांना बोलवायचे. मे १९८५ मध्ये दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेल्या बाँबांनी आणि १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीत ठेवलेल्या पिशवीने हा धडा आपल्या देशाला फार महागात दिला आहे.

तिसरी चूक कुलपाची आणि हजेरीपटाची. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे नेहमीच्या दिवसांतली तयारी. दोन्ही जिने उघडे, दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी, प्रत्येक तुकडीचा मार्ग ठरलेला, वर्गशिक्षकाच्या हाती हजेरीपट, जी मुले लंगडतात किंवा ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी नेमलेला सोबती. ही कवायत वर्षातून दोनतीनदा झाली की मुलांना तिचे भय उरत नाही. ती वायाही जात नाही. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघराच्या शाकारलेल्या छपराला आग लागली आणि ९४ मुले भाजून मेली. तेथे बाँब नव्हता, धमकी नव्हती. पण त्या मुलांना बाहेर पडता आले नाही. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. आग, भूकंप, धमकी, काहीही असो. उघडा जिना सर्वांना उपयोगी पडतो.

आता थोडे आपणां पालकांविषयी. आपल्या काळजाचा तुकडा शाळेत आहे आणि कोणी म्हणते, तेथे बाँब आहे. अशा वेळी शांत बसा, असे सांगणे फार सोपे असते. तरीही सांगतो. फाटकाशी गर्दी झाली की पोलिसांची आणि अग्निशामक दलाची गाडी आत जात नाही. हजेरी घेण्यापूर्वी आपण आपले मूल ओढून नेले, तर शिक्षक त्याला शोधायला पुन्हा इमारतीत शिरेल. मोबाइलवर आलेली बातमी खातरजमा न करता पुढे धाडली, तर धमकी देणाऱ्याचे अर्धे काम आपणच केले. शाळेनेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. निरोप एकाच ठिकाणाहून, लवकर आणि खरा जावा. मुले कोठे सोपवली जातील ते पालकांना जूनमध्येच कळवावे.

अखेरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. धमकी देतो कोण? दिल्लीत डिसेंबर २०२४ मध्ये एका शाळेच्या बाबतीत तपास लागला, तेव्हा तेथलीच दोन मुले निघाली. त्यांना परीक्षा पुढे ढकलायची होती. त्यांची समजूत घालून, आईवडिलांना ताकीद देऊन पोलिसांनी त्यांना सोडले. आमच्या शाळेतही पुढे नववीतला एक मुलगा सापडला. गणिताचा अभ्यास झाला नव्हता, एवढेच कारण. शाळेच्या समितीने त्याचे नाव कमी केले आणि आम्ही त्यावर सही केली. निनावी धमकी हा गुन्हा आहे; जुन्या दंडसंहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. अठरा वर्षांखालील मुलासाठी बाल न्याय मंडळाची वाट आहे. त्या मुलाला आपल्या कृत्याची जाणीव व्हायलाच हवी होती. पण हात मोडलेल्या त्या मुलीच्या घरी त्याला नेऊन, तिच्यासमोर उभे करावे, हे आम्हाला सुचले नाही. गणिताला इतका का भितोस, हेही आम्ही त्याला विचारले नाही. आम्ही त्याला फक्त दाखला दिला. पुढे त्याचे काय झाले, ते आम्हाला कळले नाही. शिक्षक म्हणून हे आमच्यावरचे ऋण आहे.

श्रोतेहो, धमकी देणाऱ्याच्या हाती बहुधा दारूगोळा नसतो. त्याच्या हाती असते ती आपली भीती. ती आपण शिस्तीने काढून घेतली की त्याच्यापाशी काही उरत नाही. येत्या जूनमध्ये मुलांना शाळेत पोचवायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना नम्रपणे दोनच प्रश्न विचारा: मागच्या जिन्याची किल्ली कोणाकडे असते? आणि कवायत कधी झाली? त्यांनी चटकन उत्तर दिले, तर निश्चिंत मनाने घरी जा. उत्तराला वेळ लागला, तर रागावू नका. त्यांच्याबरोबर जाऊन ते कुलूप काढा.