रुवुमाची गावे आणि सत्ताधारी पक्ष
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टांझानियाचे नाव एके काळी समाजवाद्यांच्या शिबिरांतून मोठ्या आस्थेने घेतले जाई. मॉस्को वा पेकिंग यांपैकी कोणाचीही कंठी न बांधता, एक दरिद्री आफ्रिकी देश आपल्या खेड्यांच्या बळावर समाजवाद उभारू पाहत होता. त्याचा नेता ज्यूलियस न्येरेरे हा मूळचा शिक्षक; लोक त्याला ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. 1962 मध्ये जागतिक शांतिसेनेने दार-ए-सलाम येथे केंद्र उघडले, तेव्हा तिच्या अध्यक्षांपैकी एक जयप्रकाश नारायण होते. त्यामुळे त्या देशात पुढे जे घडले ते भारतीय समाजवाद्यांनी परक्याच्या घरची गोष्ट म्हणून ऐकण्याचे कारण नाही.

7 जुलै 1954 रोजी स्थापन झालेल्या टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियनने, म्हणजे ‘टानू’ने, 1960 च्या निवडणुकीत 71 पैकी 70 जागा जिंकल्या आणि 9 डिसेंबर 1961 रोजी देश स्वतंत्र झाला. हा विजय बंदुकीचा नव्हता, लबाडीचाही नव्हता. गावोगावी पक्षाची शाखा होती आणि पुढे तर दर दहा घरांमागे एक प्रमुख नेमला गेला. प्रारंभी हा दहा घरांचा प्रमुख लोकांची गाऱ्हाणी वर पोहोचवीत असे. वरचे हुकूम खाली आणण्याचे कामही त्याच्याकडेच होते, आणि कालांतराने तेच मुख्य झाले.

एकपक्षीय राजवटीचे न्येरेरे यांनी केलेले समर्थन आजही वाचण्यासारखे आहे. राष्ट्र आणि पक्ष एकरूप झाले असतील तर दुसरा पक्ष हवा कशाला, दोन पक्ष ही वर्गांत विभागलेल्या समाजाची गरज आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1965 च्या राज्यघटनेने तो कायदा झाला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ही एकपक्षीय निवडणूक निव्वळ सोंग नव्हती. बहुतेक मतदारसंघांत टानूचेच दोन उमेदवार समोरासमोर उभे राहत. एकाची खूण कुदळ, दुसऱ्याची घर. 1965 मध्ये प्रत्यक्ष अर्थमंत्री पॉल बोमानी यांना मतदारांनी घरी पाठविले. व्यक्तीला पाडण्याचा अधिकार लोकांना होता. धोरणाला आणि पक्षाला पाडण्याचा मात्र नव्हता.

कामगार चळवळीचे हातपाय तर त्यापूर्वीच बांधले गेले होते. जानेवारी 1964 मध्ये सैन्यात बंड झाले, ते मोडण्यास ब्रिटिश फौज बोलवावी लागली, आणि त्या गडबडीत कामगार पुढारी अटकेत गेले. स्वतंत्र कामगार महासंघ बरखास्त होऊन त्याच्या जागी सरकारच्या छत्राखालील एकच संघटना आली. समाजवादाची घोषणा होण्यापूर्वी तीन वर्षे हे घडले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

5 फेब्रुवारी 1967 चा अरुशा जाहीरनामा हे या पक्षाच्या आयुष्यातील सर्वांत उजळ पान. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याहून महत्त्वाची होती ती पुढाऱ्यांसाठीची आचारसंहिता : कंपनीचे भाग बाळगायचे नाहीत, संचालकपद घ्यायचे नाही, दोन पगार घ्यायचे नाहीत, घरे बांधून भाड्याने द्यायची नाहीत. सत्तेवर असलेल्या पक्षाने आपल्याच पुढाऱ्यांवर इतकी स्पष्ट बंधने घातल्याची उदाहरणे जगात फार नाहीत. भारतातील समाजवाद्यांनीही असे काही सत्तेत असताना करून दाखविले, असे म्हणवत नाही.

परंतु या पक्षाची खरी परीक्षा बँकांत झाली नाही; ती देशाच्या दक्षिण टोकाच्या रुवुमा प्रांतात झाली. तेथे स्वातंत्र्याच्या सुमारास टानूच्याच युवक शाखेतील काही तरुणांनी लितोवा येथे वसाहत केली. जमीन एकत्र कसायची, उत्पन्न वाटून घ्यायचे, निर्णय गावसभेत घ्यायचे. हळूहळू अशी दीड डझनाच्या आसपास गावे उभी राहिली आणि त्यांनी रुवुमा विकास संघ स्थापन केला. संघाची पिठाची गिरणी होती. लितोवाच्या शाळेत मुले शिकत आणि शेतही करीत. ‘उजामा’, म्हणजे कुटुंबभाव, हा शब्द न्येरेरे यांच्या लेखांत येत होता. येथे तो शेतात उतरला होता. स्वतः न्येरेरे यांना या गावांचे कौतुक होते.

सप्टेंबर 1969 मध्ये टानूच्या मध्यवर्ती समितीने हा संघ बरखास्त केला. मालमत्ता ताब्यात घेतली गेली, शिक्षकांच्या बदल्या झाल्या. गुन्हा काय? उजामा गावांची उभारणी हे यापुढे पक्षाचे काम, तेव्हा पक्षाबाहेरची स्वतंत्र संघटना नको. ही गावे समाजवादाविरुद्ध गेली म्हणून मोडली गेली नाहीत. ती कोणाची परवानगी न घेता समाजवादी झाली, म्हणून मोडली गेली. प्रांतातील अधिकाऱ्यास गावसभेने ‘नाही’ म्हणावे, हे त्या अधिकाऱ्यास भांडवलदारापेक्षाही अधिक बोचते.

पुढचे सारे याच निर्णयाच्या पोटात होते. 1971 च्या नाताळात इरिंगाचे प्रांताधिकारी विल्बर्ट क्लेरू यांना सईदी म्वाम्विंदी नावाच्या शेतकऱ्याने गोळी घालून ठार केले. 1972 मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदा गेल्या. नोव्हेंबर 1973 मध्ये न्येरेरे यांनी जाहीर केले की 1976 अखेर सर्वांनी नियोजित गावांत राहावयास गेलेच पाहिजे. 50 लाखांच्या आसपास माणसे या मोहिमेत हलविली गेली. कित्येक ठिकाणी परत जाऊ नये म्हणून जुनी घरे जाळली गेली. गावे रस्त्याच्या कडेने आखली गेली, कारण मोटारीतून येणाऱ्या अधिकाऱ्यास ती दिसली पाहिजेत. जमीन कोठे चांगली आहे हे शेतकऱ्यास ठाऊक होते, पण त्याला विचारतो कोण? 1976 मध्ये सहकारी संघही मोडून शेतमाल सरकारी महामंडळांकडे सोपविला गेला. सहकारात भ्रष्टाचार नव्हता असे नाही. पण सहकाराच्या अध्यक्षाला निदान सभासद जाब विचारू शकत होते.

शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी गावापर्यंत पोहोचले, साक्षरता झपाट्याने वाढली, शंभराहून अधिक जमातींचा देश स्वाहिली भाषेने एकत्र बांधला गेला, हे सारे खरे आहे. शेजारच्या देशांत झालेले वांशिक रक्तपात मुख्य भूमीवर झाले नाहीत. या जमेच्या बाजूस कमी लेखणे अन्याय ठरेल.

5 फेब्रुवारी 1977 रोजी टानू आणि झांझिबारचा आफ्रो-शिराझी पक्ष यांचे विलीनीकरण होऊन ‘चामा चा मापिंदुझी’, क्रांतीचा पक्ष, जन्मास आला. 1985 मध्ये न्येरेरे राष्ट्राध्यक्षपदावरून स्वेच्छेने उतरले. 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला आणि 1991 मध्ये झांझिबारच्या बैठकीत पक्षाने ती पुढाऱ्यांची आचारसंहिता गुंडाळून ठेवली. समाजवाद गेला, राहिला तो पक्ष. ज्या हत्यारांचे समर्थन समाजवादासाठी म्हणून केले गेले होते, ती सारी जागच्या जागी राहिली.

1992 मध्ये बहुपक्षपद्धती आली. मुख्य न्यायाधीश न्यालाली यांच्या आयोगापुढे सुमारे 80 टक्के लोकांनी एकच पक्ष हवा असे सांगितले होते. उरलेल्या अल्पमताचा मान राखून आयोगाने अनेक पक्षांची शिफारस केली आणि 40 जाचक कायदे तपासण्यास सांगितले. पक्षांना परवानगी मिळाली. कायद्यांतील बरेचसे तसेच राहिले. एकपक्षीय काळात लोकांच्या वर्गणीने आणि श्रमाने बांधलेली क्रीडांगणे नव्या काळातही एकाच पक्षाच्या मालकीची राहिली. 1990 मध्ये न्येरेरे यांनी स्वतःच बोलून दाखविले होते की दुसऱ्या पक्षाची चर्चा हा देशद्रोह नव्हे, आणि एकटा पक्ष सुस्तावतो. गुरुजींना हे उमगले तेव्हा विद्यार्थी सत्तेच्या खुर्च्यांवर स्थिरावले होते.

जानेवारी 2001 मध्ये झांझिबारच्या पेम्बा बेटावर निदर्शकांवर गोळीबार होऊन अनेक माणसे मेली. तरीही 2015 मध्ये विरोधी उमेदवारास 40 टक्क्यांच्या आसपास मते पडली, म्हणजे मतपेटीत अद्याप जीव होता. 2025 मध्ये तोही काढून घेण्यात आला. चाडेमा या प्रमुख विरोधी पक्षाचे नेते टुंडू लिसू यांना एप्रिलमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि त्यांच्या पक्षाला निवडणुकीतून बाद करण्यात आले. 29 ऑक्टोबर रोजी मतदान झाले. तरुण रस्त्यावर आले, इंटरनेट बंद झाले, दार-ए-सलाममध्ये संचारबंदी लागली आणि गोळीबारात शेकडो मृत्यू झाल्याचे वृत्त आले. राष्ट्राध्यक्षा सामिया सुलुहू हसन यांना जवळपास 98 टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. रस्त्यावर उतरलेल्या त्या पोरांतील बहुतेकांचा जन्म न्येरेरे यांच्या 1999 मधील मृत्यूनंतरचा. त्या वर्षी 9 डिसेंबरचा स्वातंत्र्यदिनाचा सोहळा सरकारने रद्द केला.