चूक सांगण्याची वेगळी वाट



सकाळपासून तिघांनी विचारलं, "तू दिवसभर संगणकावर करतोस तरी काय?" खरं सांगतो, बराच वेळ 'सी' भाषेतल्या प्रोग्रॅमला नीट तक्रार करायला शिकवण्यात जातो.

सी प्रोग्रॅमला बोलायला दोन वाटा असतात. उत्तर 'एसटीडीआउट'वर जातं. एरर आणि वॉर्निंग 'एसटीडीएरर'वर. ही दुसरी वाट १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये निघाली. तिथं फोटोटाइपसेटरवर हव्या त्या मजकुराऐवजी एरर मेसेजच सुबक अक्षरांत छापून येत आणि सगळी मेहनत फुकट जाई!

उत्तर बहुधा बफरमध्ये साठतं. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर ते आतच राहू शकतं. तक्रार मात्र साठवून ठेवत नाहीत, ती लगेच बाहेर पडते.

पण नुसतं 'चूक झाली' म्हणून भागत नाही. 'पीएरर' हे फंक्शन कारण छापतं: 'अशी फाइल नाही' किंवा 'परवानगी नाही'. ते ताबडतोब वापरावं लागतं. मध्ये दुसरं काम केलं की कारण बदलू शकतं. कुठली फाइल, हे मात्र आपणच लिहायचं. रात्री दोन वाजता बंद पडलेली यंत्रणा सुरू करायला बसलेल्या माणसाच्या हाती ती एकच ओळ असते.

आपल्या बाई वहीत नुसती फुली मारत नसत. समासात कारण लिहीत. ती सवय मला रोज उपयोगी पडते. बाई, मनापासून आभार.