पेरूचे झाड जाणून घेताना

(फळबागायतदार शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



फळबागेवर बोलण्यासाठी एका पत्रकाराला पाचारण करून संयोजकांनी मोठेच धाडस केले आहे. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. उमेदीची सारी वर्षे वार्तांकन, मुद्रितशोधन आणि अग्रलेख यांत गेली. शेती माझा धाकटा भाऊ करतो. मी सणावाराला गावी जातो आणि न विचारता सल्ले देतो. अशा एका सल्ल्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. तिच्याविषयी सांगणारच आहे, कारण अनुभवाचे बोला अशी संयोजकांची अट आहे. बाकीचे जे सांगेन ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि झाडापाशी उभे राहून शिकलेले आहे.

पेरू आपल्या इतक्या परिचयाचा की तो मूळचा इथला नाही हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. गणेशचतुर्थीला देवापुढे ठेवण्याच्या पाच फळांत तो असतो, शाळेच्या फाटकाशी तिखट-मीठ लावून तो विकला जातो, विहिरीच्या कडेला कोणी न लावताही तो उगवतो. वस्तुतः हे झाड अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे ते आपल्याकडे आले. 'पेरू' हे नाव कोणी त्या नावाच्या देशाशी जोडतात, तर कोणी पोर्तुगीज भाषेतील 'पेरा' या शब्दाशी. 'पेरा' म्हणजे नाशपाती. गंमत अशी की, हिंदीत ज्याला अमरूद म्हणतात तो शब्द फारसीचा, आणि फारसीतही त्याचा अर्थ नाशपातीच! नव्या फळाला जुन्या फळाचे नाव देऊन माणसे मोकळी झाली. गोव्यात त्याला पेर म्हणतात आणि त्याच्या गरापासून नाताळात पेराड नावाची वडी करतात. भाषेच्या विद्यार्थ्याला हा भाग सोडवत नाही, क्षमा असावी.

चार शतकांत हा पाहुणा घरचा झाला, कारण त्याने फारसे काही मागितले नाही. हलक्या माळरानापासून काळ्या जमिनीपर्यंत, आम्लधर्मी मातीपासून थोड्या चोपण मातीपर्यंत तो तग धरतो. पाण्यावाचून काही आठवडे काढतो. तथापि, याच गुणाने त्याचे नुकसान केले. जे झाड आपोआप येते ते समजून घ्यावे असे कोणाला वाटत नाही. आंब्याची आणि द्राक्षाची आपण पुस्तके वाचतो. पेरूच्या बाबतीत 'त्यात काय कळायचे?' असे म्हणतो.

कळायचे आहे ते प्रथम एवढेच, की पेरूला फूल येते ते नव्या फुटीवर, कोवळ्या पानांच्या बगलेत. आंब्याचा मोहोर जुन्या, पक्व झालेल्या काडीवर येतो. पेरूचे तसे नाही. नवी फूट नाही तर फूल नाही आणि फळही नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पेरूची बहुतेक मशागत आपोआप उलगडते. छाटणी का करायची? नवी फूट यावी म्हणून. झाड बुटके का ठेवायचे? फुटीला ऊन मिळावे म्हणून. माझे वडील चैत्रात उभ्या फांद्या सुतळीने वाकवून खाली दगड बांधत असत. लहानपणी आम्हाला तो खेळ वाटे. फांदी आडवी झाली की शेंड्याचे वर्चस्व सुटते आणि तिच्या अंगावरचे झोपलेले डोळे जागे होतात, हे मला पन्नाशीत कळले. वडिलांनी कारण कधी सांगितले नाही. किंबहुना आम्ही कधी विचारलेच नाही.

बहार धरण्यामागेही हेच तत्त्व आहे. पेरू आपल्या हवामानात वर्षातून दोन-तीन वेळा फुलू शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तो आंबे बहार, त्याची फळे पावसाळ्यात येतात. जून-जुलैमध्ये फुलतो तो मृग बहार, त्याची फळे थंडीत येतात. ऑक्टोबरच्या सुमाराचा हस्त बहार, त्याची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी. झाडाला तिन्ही वेळा फळू दिले तर ते तिन्ही वेळा मध्यम फळते आणि लवकर थकते. म्हणून एक बहार निवडायचा. मृग बहारासाठी एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडतात. पाने पिवळी पडतात, बरीचशी गळतात, झाड विश्रांतीत जाते. मग हलकी छाटणी करून, आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू केले की पहिल्या पावसाबरोबर झाड फुटते आणि फुलते. जमीन हलकी असेल तर ताण थोडा, भारी असेल तर अधिक. हा हिशोब कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. तो पानांकडे बघून करावा लागतो.

थंडीतला पेरू अधिक गोड का, असा प्रश्न मला एका शाळकरी मुलीने विचारला होता. थंड रात्री फळ सावकाश पिकते, त्यात साखर आणि वास भरायला अवधी मिळतो. पावसाळ्यातला पेरू घाईने पाणी पिऊन वाढतो, म्हणून पचपचीत लागतो. शिवाय फळमाशीचा काळ तोच. माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि वरून देखणा दिसणारा पेरू आत किडलेला निघतो. कामगंध सापळे आणि खाली पडलेली फळे वेचून खोल पुरणे, हे दोन उपाय बहुतेकांना ठाऊक आहेत; दुसरा फारसे कोणी करत नाही.

वाणांविषयी बोलताना पुण्याचा उल्लेख टाळता येत नाही. गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा आणि त्यांचे सहकारी देशमुख यांनी लखनऊहून आणलेल्या बियांची रोपे वाढवून त्यांतून निवड केली. त्यांचे हे काम १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. बियांपासून झालेले प्रत्येक पेरूचे झाड वेगळे निघते, आईसारखे निघेलच असे नाही. त्या साऱ्या रोपांत एकोणपन्नास क्रमांकाचे झाड सरस ठरले. तेच 'लखनऊ ४९', ज्याला आपण सरदार म्हणतो. बुटके, पसरट झाड, किंचित खडबडीत गोल फळ, पांढरा गर. हेच चीमा द्राक्षाच्या 'चीमा साहेबी' या नावात आहेत, आणि गणेश डाळिंबाची निवडही त्यांचीच. महाराष्ट्राच्या फळबागांवर एवढे ऋण असलेल्या माणसाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधूनही सापडू नये, याचा खेद वाटतो.

चांगले झाड सापडले की ते तसेच्या तसे वाढवायचे तर बी उपयोगी नाही, कलमच हवे. पेरूत ते दाब कलमाने किंवा गुटीने करतात. आणि येथूनच आमच्या घरची कथा सुरू होते.

वडिलांनी लावलेली सरदारची साठ झाडे आमच्या मळ्यात होती. ती सहा-सहा मीटरवर होती, जुन्या शिफारशीप्रमाणे. या अंतराने हेक्टरी पावणेतीनशे झाडे बसतात. दरम्यान लखनऊच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने दोन मीटर बाय एक मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी पाच हजार झाडांची अतिघन लागवड विकसित केली होती. झाड कमरेएवढे ठेवायचे, वरचेवर छाटायचे, नवी फूट घेत राहायचे. पद्धत तर्कशुद्ध आहे. मघाशी सांगितलेल्या तत्त्वाचाच तो विस्तार आहे. मी तिच्याविषयी लेख लिहिला होता. लेख लिहिलेल्या माणसाला आपल्याला विषय कळला असे वाटू लागते, हा आमच्या व्यवसायाचा रोग.

२०१७ साली मी भावाच्या मागे लागलो. जुनी झाडे काढ, मोठ्या फळाचा नवा वाण लाव, घन लागवड कर. त्याने सोसायटीचे कर्ज काढले. रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून आम्ही हजार रोपे आणली. लावताना पिशवी फाडून भाऊ म्हणाला, "दादा, मुळं गाठाळ दिसतात." मी म्हणालो, "पिशवीत वळली असतील." रोपांची पाने हिरवीगार होती आणि मला गावाहून परतायची घाई होती.

दुसऱ्या वर्षी फळे आली, अर्ध्या किलोची. फोमची जाळी आणि पिशवी घातलेली ती फळे पाहायला लोक येत. मोकळ्या पट्ट्यांत भावाने टोमॅटो घेतला. तिसऱ्या पावसाळ्यात पानांवर तांबूस झाक आली. खत कमी पडले असेल म्हणून खत दिले. पाणी कमी असेल म्हणून पाणी वाढवले. पाने गळाली, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. एक झाड उपटले तेव्हा मुळांच्या जागी आल्याच्या गड्ड्यांसारखा गाठींचा गुंता हाती आला. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मुळे आणि माती तपासायला दिली. उत्तर आले, सूत्रकृमी.

डोळ्यांना न दिसणारा हा कृमी मुळात शिरतो. त्याची मादी एका जागी बसून शेकडो अंडी घालते, आणि उष्ण हवेत महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार होते. गाठींनी मुळाचे पाणी वाहण्याचे काम थांबते आणि जखमांतून बुरशी आत येते. पेरूचा मर रोग जुनाच आहे, अलाहाबादेत, आजच्या प्रयागराजमध्ये, १९३५ साली त्याची नोंद झाली. या कृमीने त्याला नवी वाट करून दिली. मेलॉइडोगायनी एंटरोलोबी ही त्याची जात विशेष घातक. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात २००१ मध्ये ती सापडली आणि तेथील पेरूच्या बागा तिने बसवल्या. आपल्याकडे २०१६ च्या सुमारास तामिळनाडूतील बागांतून तिची नोंद झाली, आणि पुढे इतर राज्यांतूनही. हा कृमी जमिनीत स्वतःहून वर्षाला फार तर दोन-चार हात सरकतो. एवढे अंतर तो चालून आलेला नाही. तो पिशवीतल्या मातीतून, ट्रकमध्ये बसून आला. टोमॅटो, वांगी, मिरची ही त्याची आवडती पिके; म्हणजे आमच्या आंतरपिकाने त्याला मेजवानीच दिली.

उपाय विचाराल तर लागण झालेली बाग पूर्ववत होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निंबोळी पेंड, उपयुक्त बुरशींची जैविक औषधे, काही रासायनिक औषधे यांनी कृमी आटोक्यात राहतो, नाहीसा होत नाही. ब्राझीलच्या एम्ब्रापा या कृषिसंशोधन संस्थेने पेरूचा रानटी भाईबंदाशी संकर करून कृमीला दाद न देणारा खुंट तयार केला. त्यावर कलम बांधतात. तसा खुंट आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती येईपर्यंत आपला उपाय रोप विकत घेतानाचा आहे. हजार रोपांतली दहा-वीस रोपे बाजूला काढावीत, पिशवी फाडावी, मुळे बादलीत धुवावीत आणि उन्हात धरून पाहावीत. निरोगी मूळ पांढरट, सरळ आणि गुळगुळीत असते. एकाही रोपाच्या मुळावर गाठ दिसली तर गाडी भरू नये. रोपवाटिकावाला फाडू देत नसेल, तर त्या दहा रोपांचे पैसे देऊन फाडावीत. पाने बघून रोप घेणे म्हणजे मुखपृष्ठ बघून पुस्तक घेणे. त्यात पुस्तकाचे पैसे तरी थोडके जातात.

आमची हजार झाडे २०२१ साली उपटून जाळली. त्या रानात भाऊ आता झेंडू आणि भुईमूग आलटून-पालटून घेतो. पेरू तेथे नाही. कर्ज मागच्या वर्षी फिटले. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते मला अधिक जड गेले.

विहिरीजवळची वडिलांची आठ झाडे मात्र काढायची राहिली होती, कारण त्यांच्या सावलीत मोटार बसवली होती. यंदा आषाढात भावाने त्यांतल्या निरोगी फांद्या निवडल्या, बोटभर रुंदीची साल गोल काढली, ओले शेवाळ लावून वर पारदर्शक प्लॅस्टिक बांधले. गुटीला माती लागत नाही, म्हणून तिच्यातून कृमी येत नाही. गणपतीला मी गावी गेलो तेव्हा त्याने मला विहिरीवर नेले आणि एक फांदी खाली ओढून माझ्यापुढे धरली. प्लॅस्टिकमधून शेवाळात मुळे दिसत होती. पांढरी आणि सरळ. "बघ नीट," तो म्हणाला, आणि चष्मा पुसून मी पाहिले. अशी चाळीस कलमे झाली आहेत. ती ओढ्यापलीकडच्या तुकड्यात लावायची आहेत. तेथील माती त्याने आधीच तपासून आणली आहे.