वैमानिकास अक्षरी निरोप

मेढ्याभोवती डोंगर आहेत, म्हणून हा विषय येथे समजावणे सोपे आहे. विमानाच्या नेहमीच्या रेडिओलहरी सरळ रेषेत जातात. कराडच्या धावपट्टीवरून निघालेले लहान विमान वेण्णेच्या खोऱ्यात खाली आले, की डोंगर त्या अडवितात. बोलणे अडते तसा त्याच लहरींवरून येणारा डेटा लिंकचा अक्षरी निरोपही अडतो. उपग्रहामार्फत आला तरच तो पोहोचतो. अरबी समुद्र ओलांडणाऱ्या व्यावसायिक जेटला मुंबईच्या नियंत्रणकक्षाशी असा लेखी संवाद साधता येतो. उंचीचा आकडा चुकीचा ऐकण्याचा धोका टळतो. तेथे लाभ निर्विवाद आहे. खाजगी वैमानिकाला उपग्रह-यंत्रणेचा खर्च जड जातो. शिवाय पडद्यावरील पावसाचे चित्र कधी पंधरा-वीस मिनिटे जुने असते, असा इशारा अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळाने २०१२ साली दिला. आषाढात आपला घाट त्याहून लवकर झाकला जातो.