यंत्राची नाडी



बैल विकत घेताना आपला शेतकरी त्याचे दात पाहतो, पाठीवर थाप मारतो. पण तेवढ्यावर पैसे मोजीत नाही. त्याला जुंपून, ओझे ओढायला लावून पाहतो. उभ्या बैलाचा लंगडेपणा दिसत नाही. संगणकाच्या तपासणीचेही असेच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी एकदम गेली तर बरे, सापडते तरी. हळूहळू थकणारी नळी मात्र आज बरोबर उत्तर देते आणि उद्या चूक. अमेरिकेत ‘व्हर्लविंड’ या संगणकावर याला एक नामी तोड काढली होती. तपासणीच्या वेळी विजेचा दाब मुद्दाम कमीजास्त करावयाचा. धडधाकट नळ्या तो सोसत. थकलेल्या तेथेच चुकत, आणि ऐन कामात दगा देण्यापूर्वी बदलल्या जात.

आता नळ्या गेल्या, तपासणी राहिली. आजचा संगणक सुरू होताच आपले अवयव चाचपून घेतो. पण ती घाईची तपासणी. स्मृतीची कसून परीक्षा घ्यावयाची तर प्रत्येक कप्प्यात आधी शून्ये, मग एक, मग आलटूनपालटून दोन्ही भरावयाची आणि परत वाचून पाहावयाचे. हे रात्रभर चालू द्यावे. गार असताना उत्तीर्ण झालेली स्मृती तापल्यावर नापास होते.

माहिती साठविणारी तबकडी तर स्वतःची रोजनिशीच ठेवते: किती तास फिरली, किती तापली, खराब झालेल्या किती जागा सोडून राखीव जागा वापरल्या. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात. ही रोजनिशी कितपत खरी? गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक तबकड्यांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते! उलट, वाचनतपासणीत पहिली चूक दिसली की पुढच्या ६० दिवसांत तबकडी बंद पडण्याचा संभव ३९ पट वाढत होता. म्हणजे तिने तक्रार केली तर विश्वास ठेवावा, गप्प राहिली तर ठेवू नये. उष्णतेचा दोषही त्यांना अपेक्षेहून कमी आढळला. पण त्या तबकड्या थंड दालनातल्या. घाटंजीच्या मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली, पंख्यात कापसाचे तंतू अडकलेल्या संगणकाला तो दिलासा देण्यास आम्ही धजत नाही.

आमचा संबंध असलेल्या एका लहानशा पतसंस्थेत सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर इशारा येई: तबकडी लवकरच निकामी होईल, माहितीची प्रत काढून ठेवा. लिपिक एक कळ दाबून तो घालवीत असे. आम्हीही तेथे उभे राहून ‘चालतंय ना, मग झालं’ असे म्हटले आहे. दोन महिने चालले. तिसऱ्या महिन्यात तबकडी उघडेचना, आणि प्रत होती ती दीड वर्षापूर्वीची.

मग सभासदांची पासबुके मागवून, रात्री जागून, खाती पुन्हा मांडली. बहुतेक जुळली. एका शेतमजूर बाईचे पासबुक मात्र पावसात भिजलेले निघाले. शाई पार पसरली होती. बाई म्हणते, तिने त्या वर्षी आठ हप्ते भरले. पावत्या सातच सापडल्या आहेत.