बस हदगावला थांबते
(आकाशवाणीवरील भाषण)



विषय मिळालाय इंग्रजीतल्या स्थलवाचक शब्दयोगी अव्ययांचा. हे नाव ऐकूनच अर्ध्या लोकांनी रेडिओ बंद केला असेल. जे उरले त्यांच्याशी मी तीनच शब्दांवर बोलणार आहे : इन, ऑन आणि ॲट. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, हे पाचवीतलं लेकरूही सांगतं. ॲट म्हणजे काय विचारलं की वर्ग गप्प. ज्याला मराठीत चटकन नाव सापडत नाही, ते लेकरं टाळतात. 'बाबा स्टँडवर आहेत' याचं इंग्रजी करा म्हटलं, की 'वर' दिसलं रे दिसलं, ऑन ठोकून दिलं. म्हणजे बाबा चढले स्टँडच्या पत्र्यावर!

आपलं 'वर' फार सढळ हाताचं आहे. आपण स्टँडवर असतो, स्टेशनवर असतो, कामावर असतो, आखाड्यावर असतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ॲट चालतं. आपण घरी असतो, लग्नात असतो, तिथंही ॲट. 'वर'ला ऑन आणि 'त'ला इन अशी जोडी लावून ठेवली की फसगत ठरलेली.

मग करायचं काय? आपल्या दारातला बैल घ्या. रात्री तो गोठ्यात असतो. चारी बाजूंनी कूड, वर छप्पर. हे झालं इन. सकाळी औताला जुंपला की तासाला लागतो. तास म्हणजे रेघ, त्या रेघेवर तो चालतो. हे झालं ऑन. आणि दुपारी लिंबाखाली खुंट्याला बांधला, की झालं ॲट. आता खुंट्याला बांधला म्हणजे बैल खुंट्यावर बसलाय का? खुंट्याच्या आत शिरलाय का? नाही ना. दाव्याची जेवढी लांबी, तेवढ्यात तो कुठंही असेल. गव्हाणीकडं तोंड करून असेल, नाहीतर सावलीच्या कडेला बसला असेल. बघणाऱ्याला त्याची पर्वा नसते. बैल कुठंय? खुंट्याला आहे, बस्स.

बाबा 'ॲट द बस स्टँड' आहेत याचा अर्थ एवढाच. ते फलाटावर उभे असतील, चौकशीच्या खिडकीपाशी असतील, नाहीतर बाहेर हॉटेलात चहा पीत असतील. दावं तेवढं लांब आहे. उलट पाऊस आला आणि ते स्टँडच्या छपराखाली शिरले, हे मुद्दाम सांगायचं असेल, तर इन म्हणा. जागा तीच, माणूस तोच. सांगायचं काय आहे ते बदललं, म्हणून शब्द बदलला.

माझं सगळं भाषण या एका वाक्यासाठी आहे, म्हणून पुन्हा सांगते. शब्द जागेवरून ठरत नाही. ती जागा तुम्ही कशी बघता, त्यावरून ठरतो.

आता आपलंच हदगाव घ्या. जुन्या व्याकरणांत एक नियम असे, आणि अजून भरतीच्या मार्गदर्शकांत तो छापतात : मोठ्या शहराला इन, लहान गावाला ॲट. म्हणून मुंबई इन आणि हदगाव ॲट! त्यात पाकिटावर आपण पिढ्यान् पिढ्या 'ॲट पोस्ट हदगाव, तालुका हदगाव, जिल्हा नांदेड' लिहीत आलो, त्यामुळं तो नियम आणखी पक्का झाला. मला हा नियम पटत नाही. जो गावात राहतो, त्याला गाव कधी ठिपक्याएवढं असतं का? त्याला पेठ आहे, गल्ल्या आहेत, शाळा आहेत, भांडणं आहेत. त्यानं बेलाशक म्हणावं, 'आय लिव्ह इन हदगाव.'

पण नांदेडहून नागपूरला निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारा. त्याच्या रस्त्यावर अर्धापूर येतं, हदगाव येतं, पैनगंगा ओलांडली की उमरखेड येतं. त्याला हदगाव म्हणजे गाडी थांबवायचा खुंटा. 'द बस स्टॉप्स ॲट हदगाव.' मराठीतही बघा, बस हदगावला थांबते. 'हदगावात थांबते' असं कंडक्टर म्हणत नाही. म्हणजे हा फरक आपल्या जिभेला आधीच ठाऊक आहे. अडचण अशी, की आपण 'हदगावला राहतो' असंही म्हणतो. तिथंच लेकराचा पाय घसरतो.

आणि हेच हदगाव नकाशात दाखवायचं असेल तर? ते नांदेड–नागपूर रस्त्यावर आहे. रस्ता म्हणजे रेघ, म्हणजे तास, म्हणून 'ऑन द नांदेड–नागपूर रोड'. एकच गाव इन, ॲट आणि ऑन, तिन्ही झालं! नांदेडसुद्धा 'ऑन द गोदावरी' आहे, आणि त्यासाठी ते पाण्यावर तरंगावं लागत नाही, नदीही रेघच. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसनं येणारा भाविक 'अराइव्हज ॲट नांदेड स्टेशन', पण 'अराइव्हज इन नांदेड'. स्टेशन हा खुंटा, शहर हा गोठा.

बैलाची उपमा सगळीकडं पुरत नाही, तेही सांगून टाकते. ऑटोत बसलो तर इन, कारमध्ये इन, आपल्या काळी-पिवळीतही इन. पण एसटीत आणि रेल्वेत ऑन! ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो. झाडाचंही तसंच. आंबा झाडावर असला तर ऑन, पण पाखरू फांद्यांत बसलं तर इन. का, ते सांगायला गेले तर... घड्याळ पुढं सरकलंय. ते पुन्हा कधी.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी आमच्या पिढीला ते पाचवीत भेटायचं. आजच्या लेकरांना चार वर्षं जास्त मिळाली, तरी हे तीन शब्द अजून यादी करून घोकवले जातात. गुरुजनहो, थोडं रागावूनच म्हणते, ती यादी फळ्यावरून पुसा. त्याच फळ्यावर गावाचा नकाशा काढा. तालुका, रस्ता, स्टँड, नदी. लेकरांना त्यावर बोट ठेवून बोलू द्या.

अजून इनटू राहिलं, ऑनटू राहिलं. दिशांचं तर कालच टाचण केलं होतं. हदगाव 'इन द नॉर्थ ऑफ' नांदेड जिल्हा, पण यवतमाळ जिल्हा नांदेडच्या 'टु द नॉर्थ', कारण तो हद्दीबाहेर... समोरून खूण झाली, थांबायला हवं.

भरतीची तयारी करणाऱ्या लेकरांनो, एवढं मात्र करा. गाळलेली जागा भरताना आधी खालचे चार पर्याय हातानं झाका, वाक्यातली जागा डोळ्यांपुढं आणा, आणि मगच हात काढा.